चोवीस पोर्ट आणि एक सुखरामभाऊ

नेटवर्कच्या धंद्यात बारा वर्षं काढली की माणसाजवळ दोन गोष्टी साचतात. वायरींचे तुकडे आणि किस्से! तुकडे भंगारवाला तरी नेतो. किस्से कोणी नेत नाही, म्हणून ते टपरीवर मित्रांना ऐकून घ्यावे लागतात. आता तर चहा यायच्या आधीच विचारतात, "सुखरामभाऊचा एखादा सांग ना बे."

त्याचं असं झालं. गोंदियातल्या एका कॉलेजला ऑनलाइन परीक्षेचं सेंटर हवं होतं. इकडची पोरं प्रत्येक भरतीच्या पेपरला नागपूरला धावतात, ते थांबलं असतं. त्यासाठी मॅनेज्ड स्विच, म्हणजे सगळी मशीनं एकमेकांना जोडणारा डबा, बसवायचा होता. साध्या स्विचला वायर खोचली की काम झालं. मॅनेज्ड स्विचला मात्र प्रत्येक पोर्टचं, म्हणजे वायर खोचायच्या प्रत्येक खाचेचं, काम आधी सांगून ठेवावं लागतं. हे पोर्ट परीक्षेच्या मशीनचे, त्यांना इंटरनेट अजिबात नाही. हे ऑफिसचे, हे कॅमेऱ्यांचे, हा गेटवरच्या हजेरीच्या मशीनचा. असे चोवीस पोर्ट होते आणि परीक्षा घेणाऱ्या कंपनीचा माणूस पंधरा दिवसांनी तपासायला येणार होता.

लॅब अटेंडंट सुखरामभाऊ. रोज दवनीवाड्याहून येणारे, नोकरी अठ्ठावीस वर्षांची. पहिल्याच दिवशी चहा पुढे करत त्यांनी मुलीची गोष्ट सांगितली. दुर्गाचा मागच्या वर्षी भरतीच्या पेपरला नागपूरला नंबर लागला होता, गाडी रखडली, आणि चार मिनिटं उशीर झाला म्हणून तिला पेपर न देता परत यावं लागलं.

"औंदा तिचा आखरीचा चान्स हाय, सर. पुढं वयात नाही बसत. अठीच सेंटर झालं पायजे जी."

मी म्हटलं, होईल. मनापासून म्हटलं. आणि मग पंधरा दिवस त्या सेंटरच्या आड एकच माणूस येत राहिला. स्वतः सुखरामभाऊ!

*

पहिला दिवस. सकाळपासून लॅपटॉप जोडून बसलो, एकेक पोर्ट लावला. संध्याकाळी पाठ आखडली. थोडंच राहिलंय, उद्या पूर्ण करून मगच सेव्ह करू, असं म्हणून उठलो. ही माझी चूक, मान्य.

सकाळी येऊन पाहतो तर स्विच कोरा. आज खोक्यातून काढल्यासारखा! सुखरामभाऊंनी जाताना लॅबचा मेन बंद केला होता. मी कपाळाला हात लावला. ते समजावणीच्या सुरात म्हणाले, की मेन चालू ठेवून कुलूप लावलं असं अठ्ठावीस वर्षांत एकदाही झालेलं नाही.

मी हात जोडून सांगितलं, यापुढे मेनला हात लावायचा नाही. त्यांनी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी जेवायला अर्धा तास बाहेर गेलो, आलो तर पुन्हा सगळं गार. मेन चालू होता, पण स्विच ज्या बोर्डावर होता त्याचं बटन बंद.

"मेनले हात बी नाही लावला जी," सुखरामभाऊ म्हणाले. "कोनी नव्हतं, म्हनून खालचं बंद केलं."

त्या दिवसापासून मी दर पाच मिनिटांनी सेव्ह करतो. घरी मोबाइलवर मेसेज लिहितानाही बोट सेव्ह शोधतं.

*

पाचव्या दिवशी, शनिवारी, सगळं व्यवस्थित चाललं. मी खुशीत घरी गेलो. सोमवारी सकाळी प्रिन्सिपल मॅडमचा फोन. त्यांच्या कॉम्प्युटरवर परीक्षेच्या लॉगिनशिवाय काहीच उघडत नव्हतं, आणि लॅबमधल्या ज्या मशीनना इंटरनेट मिळता कामा नये, त्यातल्या एकावर एक प्राध्यापक क्रिकेट पाहत होते.

धावत गेलो. स्विचचा रॅक उघडला आणि पाहतच राहिलो. सगळ्या वायरी पुसून लख्ख. आधी निळ्या, मग पिवळ्या, मग करड्या, अगदी ओळीने. इतका सुंदर रॅक मी आयुष्यात लावलेला नाही.

सुखरामभाऊ मागे फडकं घेऊन उभे होते. तपासणीवाला येणार, त्याला गचाळपणा दिसू नये, म्हणून त्यांनी सगळ्या वायरी काढून, धूळ झटकून, रंगाप्रमाणे परत खोचल्या होत्या. दुर्गानं मदत केली म्हणे, रविवारी तिला मुद्दाम आणलं होतं. मला ओरडायचं होतं. पण बापलेकींनी रविवार घालवून केलेल्या कामावर ओरडायचं तरी कसं? गपचूप चोवीस चिठ्ठ्या लिहून चिकटवल्या.

*

त्यानंतर दोन दिवसांनी अख्खं कॉलेज बंद पडलं. ऑफिस, लॅब, कॅमेरे, सगळं. स्विचचे चोवीसच्या चोवीस दिवे वेड लागल्यासारखे लुकलुकत होते. मी आणि माझा पार्टनर नितेश तीन तास शोधत होतो. स्विच खराब, सर्व्हर खराब, माझं नशीब खराब, सगळं म्हणून झालं.

शेवटी नितेशला एक वायर सापडली. तिचं एक टोक पोर्टमध्ये आणि दुसरं टोकही त्याच स्विचच्या पोर्टमध्ये. म्हणजे आतला सगळा ट्रॅफिक गोल गोल फिरत होता आणि बाहेर पडायला जागा नव्हती.

"एक टोक मोकळं लटकून रायलं होतं जी," सुखरामभाऊ म्हणाले. "बाजूले जागा खाली दिसली, लावून देल्लं."

असा वळसा ओळखून पोर्ट आपोआप बंद करायची सोय स्विचमध्ये असते. ती चालू करायचं काम नितेशचं होतं. तो खिडकीबाहेर बघत होता.

*

नितेशने ती सोय चालू केली, वर पासवर्डही बदलला आणि धानकापणीला दरेकशाला घरी निघून गेला. पासवर्ड मला न सांगता! तपासणीला दोन दिवस राहिले होते. फोन लागेना, त्यांच्या टोलीत, म्हणजे वस्तीवर, रेंज फक्त एका टेकडीवर येते. रीसेट केला असता तर सगळं पहिल्यापासून करावं लागलं असतं.

पॅसेंजर पकडली. दरेकशाला उतरलो, विचारत विचारत शेतावर पोचलो. चिखलाने बूट भरले. नितेश विळा हातात घेऊन बांधावर उभा.

"काऊन आला बे एवढ्या दूर? पासवर्ड तर स्विचच्या बुडालेच चिटकवला मी."

त्याच्या आईने भात वाढला म्हणून मी जेवलो. नाहीतर पार्टनरशिप त्याच बांधावर मोडली असती.

*

तपासणीचा दिवस. कंपनीच्या माणसाने एकेक मशीन पाहिलं. मग मुद्दाम सर्व्हरकडे जाणाऱ्या दोन वायरींपैकी एक उपटली. दुसरीवर सगळं चालूच राहिलं, एक मशीनही थांबलं नाही. त्याने सही केली. सेंटर मंजूर! मॅडमनी पेढे वाटले, सुखरामभाऊंनी दोन घेतले, एक दुर्गासाठी.

महिन्याभराने हॉल तिकिटं आली. आमच्या सेंटरला पोरं आली वर्ध्याची, यवतमाळची, थेट अमरावतीची. आणि दुर्गाचा नंबर लागला नागपूरला.

माझा संताप संताप झाला. कंपनीला दोन मेल केले, फोन केले. उत्तर एकच, सेंटर कॉम्प्युटर ठरवतो, बदलता येत नाही. सुखरामभाऊंना सांगताना माझ्याच्याने वर बघवेना.

"तुमचं काम त बरोबर झालं ना जी," ते म्हणाले आणि झाडू घ्यायला गेले.

*

पेपरच्या दिवशी मी आणि सुखरामभाऊ सर्व्हर रूमवर ड्युटीला होतो. खोली पहिल्या मजल्यावर, खिडकीतून गेट आणि पुढचा रस्ता दिसतो. दुर्गाला त्यांनी एक दिवस आधीच तिच्या आईसोबत नागपूरला पाठवलं होतं. आत पोचल्याचा फोन सकाळी येऊन गेला होता. तरी हा माणूस खिडकीतून हलत नव्हता.

साडेआठला गेट बंद. आठ अठ्ठावीस झाले होते.

"एक पोरगी पळून रायली जी," सुखरामभाऊ म्हणाले.

मी उठून पाहिलं. रस्त्याच्या पार टोकाला एक मुलगी धावत होती आणि तिच्या बऱ्याच मागे, पिशवी सांभाळत, तिचा बाप. काही केल्या वेळेत पोचणार नव्हती. मला ते बघवेना, मी परत लॅपटॉपसमोर येऊन बसलो.

आठ एकोणतीसला स्क्रीनवर एक ओळ लाल झाली. गेटवरचं हजेरीचं मशीन बंद. खालून मॅडमचा फोन आला, की रांगेतल्या पोरांची हजेरी अडली आहे आणि कंपनीचे साहेब म्हणतात, मशीन सुरू होईपर्यंत गेट उघडं ठेवा.

मी वळलो. सुखरामभाऊ रॅकला पाठ लावून, हात मागे घेऊन उभे होते. नजर खिडकीबाहेर.

"सुखरामभाऊ, गेटची वायर बघा बरं."

"बघतो जी," ते म्हणाले, आणि जागचे हलले नाहीत.

मीही हललो नाही. दोघंही खिडकीकडे बघत राहिलो. मुलगी गेटच्या आत आली, रांगेत शेवटी उभी राहिली, कमरेवर हात ठेवून दम खाऊ लागली. मागे टक असा आवाज आला आणि ओळ हिरवी झाली.

पेपर सुटल्यावर साहेब वर आले. लॉगमध्ये सगळं होतं, किती वाजता बंद, किती वाजता चालू. त्यांनी फॉर्म पुढे सरकवला आणि कारण लेखी मागितलं.

मी लिहिलं, "केबल सैल. कर्मचाऱ्याने तत्परतेने बसवली."