आतोबांच्या गाडीचा तळ

वरून दिसणाऱ्या कुठल्याही गोष्टीवर आतोबांचा विश्वास नव्हता. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. रेल्वेत उभी हयात त्यांनी डब्यांखाली वाकून, लांब दांड्याच्या हातोडीने लोखंड ठोकून त्याचा आवाज ऐकण्यात घालवली. निवृत्तीनंतर हातोडी लहान झाली, एवढंच. पातेलं विकत घेताना ते आधी उपडं करायचे. पाहुण्याला खुर्ची देण्याआधी तिचे पाय वाजवायचे. एका लग्नात आहेरात आलेली समई त्यांनी वधूवरांसमोरच ठोकली आणि "बूड पोकळ आहे," असं मोठ्यांदा जाहीर केलं. समई देणारे आत्याचे मावसभाऊ होते. त्यांनी पुढे काशीला येणं सोडलं. आतोबांना जाऊन आता वर्ष होत आलं, आणि मीही अजून पातेलं उपडं करूनच घेतो.

कॉलेजसाठी मी बनारसला आलो तो त्यांच्याच घरी राहिलो. घर मुन्शी घाटामागच्या गल्लीत, जिथे दोन माणसं आणि एक गाय समोरासमोर आली की कुणाला तरी माघार घ्यावी लागते. त्यामुळे आतोबांच्या जुन्या पांढऱ्या मोटारीने आतोबांचं घर कधीच पाहिलं नाही. ती पंधरा मिनिटांच्या अंतरावर, मराठी यात्रेकरू उतरतात त्या धर्मशाळेच्या आवारात उभी असायची. पावसाळ्यात तिथे पाणी तुंबायचं. आषाढ लागला की आतोबा रोज सकाळी अहिल्याबाई घाटावर जाऊन गंगा किती पायऱ्या चढली ते मोजत आणि घरी येऊन सांगत, "आज चार पायऱ्या. तळाला एक हात द्यायला हवा."

'हात देणं' म्हणजे डांबर, मेण आणि जळकं तेल एकत्र उकळून गाडीच्या पोटाला लावणं. त्यासाठी ते जानवं कानाला गुंडाळून गाडीखाली शिरत.

आत्या म्हणायची, "अहो, जानवं कानाला कधी गुंडाळतात ठाऊक आहे ना? लोक काय म्हणतील?"

"लोक वरून बघतात," आतोबा म्हणत.

तासन्‌तास गाडीबाहेर त्यांचे फक्त पाय दिसत. एकदा नगरकडचं एक वृद्ध जोडपं धर्मशाळेत उतरलं होतं. काशीत दिसेल त्याला नमस्कार करायचा, या हिशेबाने ते दोघं त्या पायांवर डोकं टेकून उठले. गाडीखालून आवाज आला, "आयुष्मान भव. तेवढा तारेचा ब्रश सरकवा इकडे."

या सगळ्या खटाटोपामागे एक वचन होतं. आत्याला एकदा स्वतःच्या गाडीतून माहेरी, साताऱ्याजवळच्या आमच्या घरी जायचं होतं. "दादाच्या दारात आपली गाडी उभी राहू दे," एवढंच ती म्हणे. दादा म्हणजे माझे वडील. जाताना रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून तिने घाटावरून गंगेचे दोन गडू भरून, तोंडं कथलाने झाळून बंद करून घेतले होते. माहेरी पोचल्यावर त्यांची पूजा व्हायची, गावाला मावंद्याचं जेवण घालायचं. गडू ऐन वेळी विसरायला नकोत म्हणून तिने ते आधीच गाडीत, आपल्या सीटमागे सतरंजीखाली नेऊन ठेवले.

पण दर दिवाळीला आतोबा गाडीखालून बाहेर येत आणि मान हलवत. "यंदा भरवसा नाही वाटत. इतका लांबचा पल्ला. एक हात अजून देतो, पुढच्या वर्षी नक्की."

"माझ्या तळपायांना भेगा पडल्यात, तिकडे कधी वाकून बघितलंत?" आत्या एकदा म्हणाली. त्या संध्याकाळी आतोबांनी खरंच तिचे पाय मांडीवर घेऊन मेण लावलं. दुसऱ्या दिवशी उरलेलं मेण गाडीला गेलं.

अशा नऊ दिवाळ्या झाल्या. दहाव्या दिवाळीआधी आत्या गेली. तापाचं निमित्त झालं, आणि आठवड्यात संपलं.

तेराव्यानंतर आतोबा मला म्हणाले, "गडू तरी पोचवू. गाडीनेच जाऊ." आम्ही मिस्त्रीला बोलावलं. तो गाडीखाली शिरला आणि खालूनच म्हणाला, "बाबूजी, नीचे से तो एकदम टनाटन है." आतोबा इतक्या दिवसांत पहिल्यांदा थोडे हसले. मग मिस्त्रीने आतली सतरंजी उचलली. एक गडू आडवा झाला होता. त्याचा झाळ फुटलेला, आणि आत थेंब नव्हता. मिस्त्रीने तिथे पेचकस टेकवला. तो लोण्यात जावा तसा आरपार गेला.

"लोहा कहाँ है, बाबूजी? ये तो सिर्फ डामर है."

वर्षानुवर्षं ते पाणी सतरंजीखाली झिरपत, पत्रा वरून खात होतं. खालच्या डांबरावर हातोडी मारली की ठप्प असा भरीव आवाज येई, आणि उभी हयात लोखंड ऐकलेले आतोबा त्याला पक्केपणा समजले. आतोबांनी वाकून त्या भोकात वरून बोट घातलं. मग म्हणाले, "ती वर बसली होती रे. मी खालीच बघत राहिलो."

भरलेला गडू त्यांनी माझ्या हातात दिला, रिकामा स्वतःकडे ठेवला. "तू रेल्वेने जा," म्हणाले. मी सुट्टी मिळाली की जाऊ म्हणत राहिलो. दिवस लांबवण्याची सवय मला त्या घरातच लागली असावी. शेवटी गेलो तो आतोबांचे दिवस झाल्यावर.

बाबांना आता नीट दिसत नाही. गडू त्यांनी दोन्ही हातांनी चाचपला, कपाळाला लावला, आणि माझ्या खांद्यावरून दाराबाहेर बघत विचारलं, "त्यांची ती गाडी आहे का रे अजून? तिला फार हौस होती."

"आहे," मी म्हटलं. "तळ अगदी पक्का आहे."