बंबाचं झाकण

नवी मुंबईतल्या पावणे गावच्या एम.आय.डी.सी.तल्या आमच्या गल्लीत सकाळी कुणी कुणाला "बरं हाय का" असं विचारत नसे. बाबासो फाळक्यांच्या दुकानावरून जाताना मान आत घालायची आणि विचारायचं, "कुठवर आला बंब?" बाबासो मोटारीतून डोकं वर न काढता उत्तर द्यायचे, "नळापर्यंत." हंगाम बरा असला तर, "धुराड्यापर्यंत." मग पुढच्याने आपल्या कामाला जावं. मी शेजारच्या रबरी वॉशरच्या कारखान्यात स्टोअर सांभाळायचो. डबा खायला मात्र बाबासोंकडे, कारण आमच्या स्टोअरमध्ये रबराच्या वासाने आमटीसुद्धा टायरसारखी लागायची.

बाबासो मूळचे कोरेगाव तालुक्यातले. एम.आय.डी.सी.त जळलेल्या मोटारी, पंप, पंखे यांची वाइंडिंग, म्हणजे आतली तारेची वेटोळी, नव्याने भरून द्यायची, हा त्यांचा धंदा. पत्र्याचं दुकान, दारात लाकडी पाटी आणि पाटीवर त्यांच्याच वळणदार हाताने लिहिलेलं, 'येथे फक्त तांब्याची वाइंडिंग होते.' त्यातला 'फक्त' इतका मोठा होता की मागे जागा न उरल्यामुळे 'होते' कोपऱ्यात अंग चोरून बसलं होतं.

या धंद्यात एक रीत होती. मोटार जळून आली की बाबासो ती उघडायचे आणि आधी गिऱ्हाइकाच्या नाकाशी धरायचे. "घ्या वास." जळक्या वार्निशचा तो वास एकदा घेतला की दिवसभर चहालासुद्धा तोच येतो. गिऱ्हाईक नाक वाकडं करून मान हलवायचं. मान हलली म्हणजे मोटार जळली हे दोघांनी कबूल केलं, नवी तार भरायची, आणि आतून निघेल ती जळकी तार कारागिराची. ती कुणी परत मागत नसे. मजुरी पोटाला जायची, जळकी तार साठत राहायची.

बाबासोंची तार त्यांच्या लेकीच्या, राजेश्वरीच्या नावाने साठायची. पोरगी पाच-सहा वर्षांची असताना दुकानात आली होती, कोपऱ्यातलं काळं भेंडोळं बघून म्हणाली, हे काय? बाबासो म्हणाले, तुझा बंब. लग्नात लेकीला पाणी तापवायचा तांब्याचा बंब द्यायचा, तोही बापाच्या हातून निघालेल्या तांब्याचा, असं ते तेव्हा बोलून गेले आणि गल्लीने ऐकलं. गल्लीने ऐकलेलं मागे घेता येत नाही. मी एकदा म्हटलं, कमी पडलं तर बाजारातून घ्या की थोडं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी उसनी पोरगी आणायला सांगितली होती. "इकतचं तांबं घालायचं तर दुकानातनं बंबच इकत आणतो की. मग मी कशाला हाय?"

पण सत्त्याण्णव साल उजाडेपर्यंत जळकी तारच यायची थांबली. बाजार खुला झाला होता, पंखे-कूलर स्वस्त झाले होते, आणि स्वस्त कशामुळे ते बाबासोंना पहिल्या फटक्यात कळलं होतं. पंखा उघडायचा, तारेवर ब्लेड फिरवायचं. वरचा रंग तोच, तांब्यासारखा लाल-तपकिरी. खरवडलं की खाली पांढरं. अ‍ॅल्युमिनियम. जळलं की त्याच्या गुठळ्या होतात, भंगारवालासुद्धा ते उचलताना उपकार केल्यासारखं तोंड करतो. असला पंखा बाबासो परत करायचे, आणि गिऱ्हाईक चार दुकानं पलीकडे जायचं. जे तांब्याच्या मोटारी घेऊन येत, तेही हुशार झाले होते. तांब्याचा भाव आता कंपनीच्या वॉचमनलासुद्धा पाठ होता. "जुनी तार परत द्या बरं का," असं आधीच बजावून मग वास घ्यायला वाकायचे. बाबासो भांडायचे, रीत सांगायचे. रीत ऐकून घ्यायला कुणाला वेळ नव्हता.

त्यात राजेश्वरीचं ठरलं. व्याही शिवराम भोईटे, वाशीच्या मार्केटात माथाडी, माणूस मोकळा. त्यांनी काही मागितलं नव्हतं. लग्न वैशाखात, गावाकडे. फाल्गुनात बाबासो साठलेल्या तारेचं पोतं घेऊन एस.टी.ने साताऱ्याच्या तांबटाकडे गेले आणि तोंड पाडून परत आले. पोट झालं, नळ झाला, धुराडं झालं. झाकणाला तांबं उरत नव्हतं.

"बिनझाकणाचा बंब म्हणजे काय?" मी चेष्टेने म्हटलं. "व्याह्यांना सांगा, हवेशीर आहे."

ते हसले नाहीत. हल्ली ते हसायचेच कमी. जेवतानासुद्धा भाकरीचा तुकडा हातात धरून बसायचे, जणू तोही कुणी परत मागायला येईल.

तुर्भ्याला पोपट म्हणून त्यांचा गाववाला होता, तारेची रिळं विकायचा. तो एकदा दुकानात येऊन स्टुलावर बसला आणि बाबासोंना उघड उघड शिकवू लागला. मोटार येते ती काय दर वेळी जळलेलीच असते का? कधी बेअरिंग गेलेलं असतं, कधी नुसतं कनेक्शन सुटलेलं. गिऱ्हाइकाला काय कळतं? जळली म्हणून सांगायचं, आतलं चांगलं तांबं काढून घ्यायचं, वर पांढरं भरून वार्निश मारायचं. वर्षभर तर चालते. सगळे तेच करतात.

"आणि वास?" बाबासोंनी विचारलं.

"वासाचं काय? जळकी चिंधी धरायची जवळ." पोपट उठता उठता म्हणाला, "जग पांढरं झालं बाबासो. तूच एकटा लाल धरून बसलाईस."

बाबासोंनी त्याला चहा पाजून वाटेला लावलं. पण त्या दिवशी त्यांच्याकडून एका कॉइलचे वेढे चुकले आणि ती सगळी उलगडून पुन्हा भरावी लागली. मी त्यांना असं चुकताना पहिल्यांदाच बघितलं.

आणि पुढच्याच आठवड्यात दुर्गाबाई आल्या. त्या जालन्याकडच्या, तुर्भ्याच्या झोपडपट्टीत त्यांची पिठाची गिरणी, आणि बाजूला मिरची कांडायचं यंत्र. नवरा दगडाच्या खाणीत गेला तो परत आला नव्हता. गिरणी त्या एकट्याच ओढत होत्या. हातगाडीवरून मोटार आणली होती. जुनी, जाडजूड, चांगल्या कंपनीची. नुसती बघूनच कळत होतं की आत तांबं भरपूर असणार. झाकण होऊन वर तांब्या-फुलपात्र निघेल एवढं.

"घूं घूं करती आन बसती," दुर्गाबाई म्हणाल्या. "मेली का जिती हाय ते सांगा, भाऊ."

बाबासो म्हणाले, ठेवून जा, बघतो.

दुपारी मी डबा घेऊन गेलो तेव्हा मोटार उघडलेली होती. आतली वाइंडिंग मधासारखी चकचकीत. कुठे काळा ठिपका नाही, वास नाही. बेअरिंग जाम होतं, तासाभराचं काम. बाबासो ती तार बघत बसले होते. मला बघून त्यांनी त्यावर पोतं टाकलं. मीही भाकरीकडे बघितलं. जेवण झालं, आणि निघताना सवयीने माझ्या तोंडून गेलं, "कुठवर आला बंब?" त्यांनी ऐकलं नाही असं केलं.

दुसऱ्या दिवशी दुर्गाबाई आल्या तर बाबासो म्हणाले, अजून बघायचंय. तिसऱ्या दिवशी तेच. बाया पलीकडच्या गिरणीत जाऊ लागल्या होत्या. तिकडची चव लागली की परत येत नाहीत, असं दुर्गाबाई आम्हाला सांगत बसायच्या. तक्रारीच्या सुरात नाही, पाऊसपाण्याचं बोलावं तसं. बाबासो मधूनच ब्लेड उचलायचे आणि खाली ठेवायचे. मला वाटलं होतं, माणूस लबाडी करायची तर पटकन करून मोकळा होत असेल. बाबासोंना ती लबाडी जमत नव्हती आणि सोडवतही नव्हती. चार दिवसांत ते आजारी माणसासारखे दिसायला लागले.

चौथ्या दिवशी दुर्गाबाई आल्या तेव्हा बाबासो उठले. मोटार उचलून त्यांच्यासमोर धरली.

"घ्या वास."

दुर्गाबाई हसल्या. "मला कशाचा वास, भाऊ? मिरची कांडून कांडून नाक कधीच गेलं. माझ्यापुढं मढं ठिवलं तरी कळायचं न्हाई. तुमी सांगाल ते." मग पदराखालून कागदात बांधलेली एक पुडी काढून टेबलावर ठेवली. "येसर हाय. आमच्याकडचा मसाला. पोरीचं लगीन हाय म्हनं तुमच्या. आन मोटार जळली आसंल तर तार तुमचीच की. त्या बंबाला लावा. समदी गल्ली सांगती बंबाचं."

म्हणजे गल्लीने बंब तुर्भ्यापर्यंत पोचवला होता.

बाबासो बराच वेळ मोटार तशीच धरून उभे राहिले. जड होती. मग खाली ठेवली.

"जळली न्हाई, ताई. बेअरिंग धरलंय. पहिल्या दिवशीच कळलं हुतं मला."

"मंग?"

दुर्गाबाईंनी एकदा मोटारीकडे, एकदा बाबासोंकडे बघितलं. त्यांचं नाक गेलं असेल, डोळे शाबूत होते. पुडी उचलली, पदराखाली टाकली आणि दारापाशी जाऊन पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. बाबासोंनी खाली मान घालून बेअरिंग बदललं. दुर्गाबाईंनी मजुरीचं विचारलं तेव्हा बाबासोंनी नुसता हात हलवला. मोटार हातगाडीवर चढली, गाडी निघाली, आणि वळणापर्यंत जाऊन दुर्गाबाई परत आल्या. पुडी पुन्हा टेबलावर ठेवली.

"पोरीनं काय केलंय," म्हणाल्या, आणि गेल्या.

त्या रविवारी मी कोपरखैरण्याला बाबासोंच्या घरी गेलो, लग्नाच्या पत्रिका घ्यायला. सिडकोची एक खोली, दार आतून बंद, खिडकीला चादर. मला वाटलं, भांडण चालू असेल. बाबासोंच्या बायकोने, राजाबाईंनी, दार किलकिलं करून मला आत ओढलं आणि पुन्हा कडी लावली. जमिनीवर घरचा छताचा पंखा पोट फाडून पडला होता, शेजारी दुकानातला उभा पंखा, त्याच्या शेजारी मिक्सर. बाबासो मध्ये मांडी घालून बसले होते. एका बाजूला तिन्हींतून काढलेल्या तांब्याच्या तारेचं भेंडोळं, दुसऱ्या बाजूला पोपटकडचं नवं रीळ. रिळाचा रंग लालच होता. मी बोट लावायला गेलो तर म्हणाले, "खरवडू नगंस. पांढरं हाय."

हे काम दुकानात करता येत नव्हतं. दुकानाला पाटी होती.

पांढरी तार जाड. तांब्याच्या जागी ती मावत नाही. बाबासो बांबूच्या पट्टीने एकेक वेढा खाचेत कोंबत होते. घामाच्या धारा लागल्या होत्या आणि वारा घालायला घरात पंखा उरला नव्हता. राजाबाई पदराने वारा घालत होत्या, पण तोंड चालूच होतं. "जन्मभर लोकांला तांबं घातलं, आन माझ्या डोक्यावर हे. ती पाटी आणून हितं लावा आता. बघू दे येणाऱ्या-जाणाऱ्याला."

"लोकांच्या घरात तर न्हाई घातलं," बाबासो म्हणाले.

"मोठं काम केलं."

मी विचारलं, पोपट काय म्हणाला रीळ देताना?

"हसला," बाबासो म्हणाले, आणि पुढचा वेढा कोंबला.

झाकण झालं. लग्नात मांडवात बंब लखलखत उभा होता, दोन बायांनी त्याला बोट लावून बघितलं, एका म्हाताऱ्याने झाकण उचलून आत डोकावलं आणि पुन्हा ठेवलं. बाबासो लांबून त्या झाकणाकडेच बघत होते. मग बंब टेंपोत चढला आणि शिवराम भोईट्यांच्या गावच्या घरी गेला, कारण राजेश्वरी राहणार कोपरखैरण्यालाच, माथाडी वसाहतीत, एका खोलीत. तिथे लाकडं कुठे पेटवणार?

ज्येष्ठात ती माहेरी आली त्या दिवशी मीही जेवायला होतो. येसराची आमटी होती. डोक्यावर पंखा फिरत होता, म्हणजे पाती दिसत होती एकेक. बाबासो जेवता जेवता उठले, स्टुलावर चढून पंख्याच्या पोटाला हात लावून आले. तापला होता. बटण बंद केलं. थोड्या वेळाने पुन्हा चालू केलं. हे आता रोजचंच, असं राजाबाईंच्या तोंडावरून दिसत होतं.

"आंघोळीचं पाणी कशावर तापवतीस गं?" राजाबाईंनी लेकीला विचारलं.

"बादलीत रॉड टाकते," राजेश्वरी म्हणाली. मग बापाकडे बघून घाईने म्हणाली, "गावाला गेलो की बंबाचं पाणी. सासूबाई रोज पेटवतात. चिंचेनं घासतात."

बाबासोंनी मान हलवली. वास पटलेल्या गिऱ्हाइकासारखी.

दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या कुणीतरी जुन्या सवयीने दुकानात मान घालून विचारलं, कुठवर आला बंब? बाबासो म्हणाले, "गावाला गेला." विचारणारा पुढे निघून गेला. त्यानंतर कुणी काय विचारायचं ते कुणालाच सुचेना, तेव्हा आमच्या गल्लीत सकाळी लोक नुसतेच जाऊ लागले.

त्या दुपारी एका कंपनीचा माणूस जळका पंप घेऊन आला. बाबासोंनी तो उघडला, त्याच्या नाकाशी धरला. त्याने नाक वाकडं केलं, मान हलवली, आणि म्हणाला, जुनी तार परत लागेल. मी डबा उघडता उघडता थांबलो, म्हटलं, आता रीत ऐकायला मिळणार.

"न्या की," बाबासो म्हणाले. छिन्नी घेतली, तार कापून काढली, आणि काळं भेंडोळं वर्तमानपत्रात गुंडाळून, वर सुतळी बांधून त्याच्या हातात दिलं.