पाय टेकले पाहिजेत

माझ्या भावाचा, महेशचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात डबा उघडत होते. "सुलूआत्या गेली," तो म्हणाला. आणि मी... आज लिहितानाही लाज वाटते... मी विचारलं, "कुणाबरोबर?" पण त्यात माझी फार चूक नव्हती. आमची आत्या दर आठवड्याला कुणा ना कुणाच्या आईबापाबरोबर, त्यांच्या पोराला मापाची सायकल घेऊन द्यायला, लालबागहून दादरला जायचीच. 'आत्या गेली' याचा आमच्या घरात तीसेक वर्षं तेवढाच अर्थ होता. "अगं, गेली म्हणजे... गेली," महेश म्हणाला. दुपारी जेवून कॉटवर आडवी झाली, ती उठलीच नाही. त्याला आता सहा आठवडे होतील.

सुलूआत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. लालबागच्या आमच्या दोन खोल्यांत खिडकीजवळचा कोपरा तिचा आणि तिच्या शिवणयंत्राचा. आसपासच्या शाळांचे गणवेश ती शिवायची. लग्न केलं नव्हतं. कुणी कारण विचारलंच तर मान वर न करता सांगायची, "मापाचा मिळाला नाही." विचारणारी बाई मग दोरा ओवून द्यायला लागायची. गणवेशाच्या बाबतीत मात्र तिचा नियम एकच होता, वाढत्या अंगाचं शिवायचं. माझा तिसरीतला पिनाफोर मी सहावीपर्यंत घातला. खाली चार बोटं जादा कापड, शिंप्याच्या भाषेत 'माया', दुमडलेलं असायचं, दर जूनमध्ये ती एक बोट उसवून खाली सोडायची, आणि जुन्या दुमडीची रेघ तशीच राहायची. त्या रेघा मोजून मी कितवीत आहे ते कुणालाही सांगता आलं असतं.

तर मी नऊ वर्षांची असताना बाबांनी मला सायकल घ्यायचं ठरवलं. छोटी घ्यावी की मोठी, यावर त्यांचं अडलं, म्हणून त्यांनी बहिणीला विचारलं. आत्याने मशीन न थांबवता मालवणीत निकाल दिला, "चेडू वाढत्या अंगाचा आसा. मोठीच घे. दोन वर्सांत बरोबर येतली." बाबा काळी लेडीज सायकल घेऊन आले. तिची सीट माझ्या छातीशी यायची. पाय पुरावेत म्हणून बाबांनी पेडलना लाकडी ठोकळे बांधून दिले. तरी मला सायकलवर चढायला चाळीच्या ओट्याचा आधार लागायचा. उतरायचं कसं, याचा विचार आमच्यापैकी कुणीच केला नव्हता.

मे महिना होता. चाळीत वर्षाच्या मसाल्याची धांदल चालली होती. अंगणात जुन्या साड्यांवर तीन घरांच्या मिरच्या वाळत होत्या, आणि सावंतकाकूंचा मसाला तर कुटून आणून मोठ्या परातीत निवत ठेवला होता. मी ओट्यावरून सायकलवर बसले. अंगणाला फाटकाकडे थोडा उतार होता, तो चालताना कधी जाणवला नव्हता. सायकल सुटली, ठोकळे गरगर फिरायला लागले, माझे पाय हवेत. ब्रेक दाबायला गेले तर बोटं तिथवर पोचेचनात. "बाजूला व्हा! बाजूला व्हा!" मी ओरडत होते, पण मिरच्या कुठे बाजूला होणार? पहिली साडी चाकात गुंडाळली, दुसरीवरून मी घसरले, आणि सावंतकाकूंच्या परातीत सायकलसकट पडले. मग एक लाल ढग उठला. तो आधी तळमजल्यावर गेला, मग जिन्याने पहिल्या मजल्यावर, मग दुसऱ्या. सगळी चाळ शिंकायला लागली. सावंतकाकू मला मारायला धावल्या, पण शिंका त्यांना जागेवरून हलू देईनात. जो तो रागाने काहीतरी बोलायला तोंड उघडायचा आणि शिंकायचा. कठड्यावर टेकलेले शेजारचे म्हातारे आबा शिंकता शिंकता "भूकंप, भूकंप" म्हणत होते असं नंतर सगळे सांगायचे.

या सगळ्यात माझा पुढचा दात अर्धा तुटला. आत्या खाली धावत आली, मला उचललं, नळाखाली धरलं. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. पण त्या क्षणी तर सगळ्यांच्याच डोळ्यांतून वाहत होतं, त्यामुळे तिचं कुणाच्या लक्षात आलं नाही. दुसऱ्या दिवशी तिने बाबांना सांगून ती सायकल गावच्या चुलतभावाकडे पाठवली. मी पुन्हा सायकलला हात लावला नाही. दाताला पुढे कॅप बसली. भीतीला काही बसली नाही... तिला मी लग्नानंतरही बरोबर नेलं.

आत्यात मात्र तेव्हापासून फरक पडला. चाळीत कुणाला सायकल घ्यायची असं कानावर आलं की ती मशीनवरून उठायची, मापाची टेप गळ्यात घालायची आणि चपला अडकवायची. आधी लोक हसले, मग तिच्याशिवाय जाईनासे झाले. आधी घरी आणि मग पुन्हा दुकानात ती मुलाला अनवाणी भिंतीला टेकून उभं करायची, दोन पायांच्या मध्ये एक वही वरपर्यंत सरकवायची आणि जमिनीपासून वहीपर्यंत टेप लावायची. सीट त्या मापाच्या वर गेली की सायकल बाद. मग हँडल धरायला लावून ब्रेकपर्यंत बोटं पोचतात का बघायची. मुलाचं वय तिने कधी विचारलंच नाही. आणि गंमत म्हणजे तिला स्वतःला सायकल येत नव्हती. दादरच्या एका दुकानदाराने एकदा वैतागून विचारलं, "मावशी, तुम्ही कधी सायकल चालवलीय का?" आत्या म्हणाली, "मी हाफपँट पण कधी घातली नाही. पण हजारोंनी शिवल्यात, एकाची घसरली नाही." पुढे त्याच दुकानदाराशी तिची गट्टी जमली.

माझी मुलगी ओवी सात वर्षांची झाली तेव्हा मी चोरून ऑनलाइन सायकल मागवायच्या बेतात होते. ते आत्याला कळलं. कसं, ते विचारू नका, आमच्या घरात महेश आहे. रविवारी सकाळी ती आमच्या दारात हजर. त्या वेळी ती सत्त्याहत्तर वर्षांची होती. आम्ही तिघी दादरला गेलो. दुकानात शिरताच ओवीचा जीव एका गुलाबी सायकलवर बसला. पुढे टोपली, हँडलला झिरमिळ्या. वही लावली, टेप लावली. सायकल चार बोटं मोठी निघाली. ओवीने भोकाड पसरलं. ओळखीचा दुकानदार नेमका बाहेर गेला होता आणि विक्रेता नवीन होता. तो समजुतीच्या सुरात म्हणाला, "घेऊन टाका ना आजी. वाढत्या अंगाची मुलगी आहे. दोन वर्षांत बरोबर होईल."

आत्याने एकदम सायकलच्या सीटचा आधार घेतला. मला वाटलं, उन्हाने चक्कर आली की काय. मग ती म्हणाली, "नीलू, दात दाखव."

"आत्या, इथे?"

"दाखव त्याला."

त्रेचाळीस वर्षांची मी, एका सरकारी कंपनीतली अधिकारी, दादरच्या भर दुकानात त्या माणसासमोर आ करून उभी राहिले. तो बिचारा वाकून बघायला लागला. "तो पुढचा, पांढराशुभ्र दिसतोय ना, तो खोटा," आत्या म्हणाली. "तुम्ही आता बोललात ना, तेच मी बोलले होते. शब्दसुद्धा तेच. अरे बाबा, कापडात माया ठेवता येते, लोखंडात नाही येत." विक्रेत्याने निमूटपणे छोटी सायकल काढली. तिला गुलाबी रंग नव्हता, झिरमिळ्याही नव्हत्या. आत्याने मोठीच्या झिरमिळ्या काढून हिला लावायला लावल्या, आणि पेडल काढून पिशवीत घालायला लावले.

पुढचे तीन रविवार आम्ही तिघी दादरच्या बागेत. बिनपेडलच्या सायकलवर ओवी दोन्ही पायांनी जमीन रेटत बदकासारखी फिरायची, आणि आत्या बाकावर छत्री उघडून बसायची. तिसऱ्या रविवारी पेडल लावले आणि पोरगी सरळ निघूनच गेली. मी टाळ्या वाजवत होते, तेवढ्यात तो दुकानदार स्वतः एक निळी सायकल ढकलत आला. आत्याने त्याला बोलावलं होतं. "आता तू," ती मला म्हणाली. मी म्हटलं, "वेडी झालीस काय? माझं माप तरी..." ती म्हणाली, "गेली तीस वर्षं तुझ्या सलवारी कोण शिवतंय?"

मी बसले. दोन्ही पाय जमिनीला टेकले. बागेत चालायला आलेली माणसं थांबून बघत होती, ओवी "आई, पुढे बघ!" म्हणून किंचाळत होती. दुकानदाराने मागून धरलं, मग सोडलं. दहा-बारा फूट गेले असेन, तेवढ्यात मागून आत्याचा आवाज आला. मोठा नाही, नेहमीचाच. "नीलू, ती काळी सायकल मीच घ्यायला लावली गो. चूक माझी होती." मला मागे वळता येईना. वळले असते तर पडले असते. मी समोर बघत पेडल मारत राहिले, डोळे गळत होते, आणि या वेळी आसपास मिरच्या नव्हत्या. फेरी मारून परत आले तोवर आत्या छत्री मिटून ओवीला शेंगदाणे सोलून देत होती. "सीट अर्धा इंच वर घे," एवढंच म्हणाली. तिने मुद्दाम माझी पाठ असताना सांगितलं, असं मला आजही वाटतं. समोरासमोर माफी मागणं तिच्याच्याने झालं नसतं, आणि मला ती घेणं झेपलं नसतं.

परवा तिचा कोपरा आवरायला लालबागला गेले. दिवाणामागची भिंत तिने रंगवू दिली नव्हती, कारण तिथे तिच्या पेन्सिलच्या रेघा आहेत. प्रत्येक रेघेपुढे नाव. सगळ्या रेघा कमरेच्या खालीच, त्यामुळे नवीन माणसाला वाटतं, या चाळीत पोरं वाढतच नाहीत. त्या उंचीच्या नाहीत, पायांच्या आहेत. मी नावं वाचत बसले होते, तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरची वर्षा आपल्या सहा वर्षांच्या अद्वैतला घेऊन दारात आली आणि घुटमळली. "आत्या नाहीत, ठाऊक आहे गं ताई..." ती म्हणाली, "पण भिंत आहे ना?"

मी दिवाण पुढे ओढला. टेप मशीनच्या खणातच होती, वही वर्षाने स्वतःच आणली होती. अद्वैत चपला काढून भिंतीला पाठ लावून उभा राहिला. मी टेप खाली धरते तोच त्याने हळूच टाचा उचलल्या. मोठी सायकल हवी असलेलं प्रत्येक पोर हेच करतं. घरी मी कधी मालवणी बोलत नाही, ओवीला तर ती येतही नाही. पण तोंडातून आपोआप निघून गेलं, "टाचा खाली टेक मेल्या, माका दिसता हां."

आणि त्याने टेकल्या.