चौदा नंबरची कोरी जर्सी

आमच्या कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघाचे कपडे मी एकोणीस वर्षं धुतले. शनिवारी कोण किती खेळला हे कळायला मला पेपर लागला नाही. सोमवारी सकाळी जर्सी उलगडली की सगळं कळायचं.

चौदा नंबरची जर्सी चार वर्षं बहुतेक वेळा कोरीच यायची. शेवटची दोन वर्षं पँटच्या उजव्या गुडघ्यावर तेवढा गवताचा डाग असायचा, वाटीएवढा. साबण, व्हिनेगर, ब्रश, सगळं करून झालं, पण तो पुरता कधी गेला नाही.

तो गेलन स्टकी. आता तो तालुक्याच्या शाळेत भूगोल शिकवतो, पोट सुटलंय, आणि बाजारात भेटला की अजून माझ्या हातातली पिशवी काढून घेतो. पण त्या वेळी तो क्वार्टरबॅक होता, चेंडू हातानं फेकून डाव चालवणारा, म्हणजे व्हायला आला होता. गावच्या शाळेत चेंडू याच्याच हातून सुटायचा आणि याच्याच नावानं पोरी ओरडायच्या. आमच्याकडे आला तेव्हा त्याच जागेसाठी त्याच्या पुढे तिघं उभे होते.

दुसऱ्या वर्षी एकदा आम्ही एक्केचाळीस गुणांनी पुढे होतो. शेवटच्या पाच मिनिटांत कोच रायमरनं त्याला आत पाठवलं. तीन डाव खेळला. त्या सोमवारी जर्सीच्या खांद्यावर चिखल दिसला आणि मला इतका आनंद झाला, की मी ती जर्सी वेगळी हातानं धुतली. तिसऱ्या वर्षी टेक्सासहून टली नावाचा पोरगा आला. वयानं लहान, पण हात तोफेसारखा. गेलनची जागा गेली ती गेलीच.

मग कोचनं त्याला चेंडू धरायला बसवलं. कोणीतरी गुडघा टेकून, मागे आलेला चेंडू झेलून जमिनीवर उभा धरायचा आणि दुसऱ्यानं तो दोन खांबांमधून लाथाडायचा. अंगठ्याएवढीही चूक चालत नाही. "त्याचे हात बघ व्हर्ना," कोच मला म्हणाला, "लहानपणापासून धारा काढलेल्या आहेत. चेंडूला कळतसुद्धा नाही कोणी धरलंय ते." लोक टाळ्या वाजवायचे त्या लाथ मारणाऱ्याला. रेडिओवरही त्याचंच नाव. चेंडू धरणाऱ्याचं नाव कोण घेतो?

आणि गेलनचा बाप, ओरिन स्टकी, दर शनिवारी नव्वद मैल गाडी हाकत यायचा. बायको जाऊन पाच वर्षं झालेली, घरी बावीस गायी आणि हा एकटा. दीडला सामना सुरू व्हायचा. मध्यंतर झालं की ओरिन उठायचा, टोपी नीट करायचा आणि धार काढायला निघायचा. आता मला सांगा, राखीव पोराला आत सोडतात कधी? शेवटी, सामना हातात आल्यावर. म्हणजे पोरगा आत जायचा झालाच, तर बाप घरी गायीखाली बसलेला. ते तीन डावसुद्धा ओरिननं पाहिले नाहीत. ऐकलेही नाहीत, कारण सामना एकतर्फी झालेला पाहून रेडिओवाल्यांनी सव्वाचारलाच तो तोडून चर्चचं गाणं लावलं.

चौथ्या वर्षी घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना जवळ आला. त्यानंतर गेलन कधीच खेळणार नव्हता. मी कोचला गाठलं. हा रायमर शाळेत माझ्या दोन वर्षं मागे, त्यामुळे मला त्याची भीती वाटत नाही.

"पहिल्या अर्ध्यात एक डाव दे त्याला. एकच. बापाला बघू दे."

"व्हर्ना, हा सामना गेला तर विजेतेपद गेलं. मी काय प्रसाद वाटायला बसलोय?"

"दोन वर्षं गुडघा टेकून बसलाय तो पोरगा."

"मला माहीत नाही का? आणि दया म्हणून आत पाठवला तर तो मला कधी माफ करेल?"

ते मात्र खरं होतं. मग मी गेलनला म्हटलं, "तू बापाला थांबायला सांग ना शेवटपर्यंत."

तो हसला. "मिसेस डर्क्स, गायींना शनिवार कळत नाही."

असल्या वेळी माझं डोकं फिरतं. मी सरळ ओरिनला फोन लावला आणि सांगितलं, शनिवारची धार मी काढते.

"तुम्ही?" तो म्हणाला. "त्या पान्हा चोरतील. परक्या हाताला दूध देत नाहीत त्या."

"लग्न होईपर्यंत चौदा गायी मीच काढत होते, मिस्टर स्टकी. तुमचा गोठ्यातला कोट तेवढा खिळ्याला ठेवून जा. तो घालते. वासाला फसतील."

कोट ठेवतो म्हणाला. मग म्हणाला, "रेडिओ खिडकीत असतो. तो बंद करू नका. सामना लागला नाही तर सगळ्या बिथरतात." आणि फोन ठेवता ठेवता, "सवय झालीय त्यांना."

सवय कोणाला झाली होती ते मला कळलं.

तर एकोणीस वर्षांत घरच्या मैदानावरचा तो एकच सामना मी चुकवला. ओरिनचा कोट माझ्या गुडघ्यापर्यंत आला. तीन गायींनी लाथा झाडल्या, एकीनं खरंच पान्हा चोरला, बाकीच्या फसल्या. सामन्याचे आठ सेकंद उरले तेव्हा मी शेवटची भरलेली बादली उचलून टाकीकडे निघाले होते. आम्ही दोन गुणांनी मागे. चेंडू नीट लाथाडला गेला तर तीन गुण आणि विजेतेपद.

रेडिओवाला म्हणाला, चेंडू मागे आला, अरे, फार उंच गेला! आणि मग त्याचा आवाजच फाटला. "स्टकीनं उडी मारली! स्टकीकडे चेंडू! स्टकी पळतोय, उजवीकडे पळतोय..." मी काय ओरडले ते मला आठवत नाही. बादली हातातून गेली. बावीस गायी माझ्याकडे बघत होत्या.

पळता पळता त्यानं चेंडू फेकला. आमच्या पोरानं तो झेलला, आणि गुणांच्या रेषेच्या हातभर अलीकडे समोरच्यांनी त्याला पाडलं. सामना गेला, विजेतेपद गेलं. मी शेणात बसून रडले, आणि खोटं कशाला बोलू, दुःखानं नाही.

साडेसहाला गाडी आली. बापासोबत गेलनही उतरला, तेही जर्सीवरच. कपडे जमा केल्याशिवाय कोणी घरी जायचं नाही हा माझा नियम, पण जमा करून घ्यायला मीच नव्हते ना! जर्सी छातीपासून पाठीपर्यंत चिखलानं भरली होती. चौदातला चार तर दिसतच नव्हता.

"हातभर, मिसेस डर्क्स," तो म्हणाला. डोळे लाल होते. "हातभर कमी पडला."

मी त्याला जवळ घेतलं. कोटाला गायीचा वास, त्याला मातीचा. "जर्सी सोमवारी आण," मी म्हटलं. "धुवायची घाई नाही."

ओरिन टाकीपाशी गेला, झाकण उघडून आत पाहिलं. शेतकरी माणूस, नजरेनं माप कळतं. मग जमिनीवरचा पांढरा ओघळ पाहिला.

"एक बादली कमी आहे."

"सांडली."

"गायीनं लाथ मारली?"

"नाही. पोरानं उडी मारली तेव्हा माझ्याच हातून."

त्यानं झाकण लावलं. खिडकीतल्या रेडिओकडे बघत राहिला. सगळं स्वतःच्या डोळ्यांनी पाहून आलेला हा माणूस, पण मला हळूच, पोरगा ऐकणार नाही अशा बेतानं विचारलं, "नाव घेतलं का त्यांनी? रेडिओवर?"

"सहा वेळा," मी म्हटलं. "मोजलं मी."

ओरिन स्टकी धारेच्या स्टुलावर बसला. टोपी काढली, तोंडावर धरली, खांदे हलत राहिले. टोपीच्या आडूनच म्हणाला, "मग सांडणारच की."