पाण्याशी उतरायची जागा

बाबांना शब्द उकरायची भारी खोड. सेलूच्या शाळेत जन्मभर मराठी शिकवलं आणि घरीही जेवताजेवता पाठ चालूच. एकदा नदीवरून गोधड्या धुवून मी ओलीचिंब घरी आले, तर म्हणाले, "घाटावरून आली ना? मूळ शब्द संस्कृतातला, घट्ट. पाण्याशी उतरायची जागा. पायऱ्या कायले बांधतात? कोणालेही उतरता यावं म्हणून."

"बाबा, आधी चहा मांडा. हात गळून गेले माझे," मी म्हटलं. त्यांनी मांडलाही.

ते गेले, आणि दहाव्याच्या दिवशी हाच शब्द माझ्या कामी आला.

मी एकुलती एक. आमच्याकडे दहाव्याला पुरुष घाट उतरतात, बायका वरच्या पायरीवर थांबतात. बाबांना पाणी चुलतभाऊ देणार, असं काकाजींनी, म्हणजे बाबांच्या धाकट्या भावानं, मला न विचारताच ठरवून टाकलं होतं. मी तांब्या उचलला तसे ते आडवे आले.

"तू काऊन निघाली वं? बाईमाणूस आज घाट उतरत नाई."

माझं डोकंच सरकलं. "काकाजी, गेल्या महिन्यात उतरली तेव्हा नाई अडवलं तुम्ही! तुमच्या घरच्या गोधड्यासुद्धा याच पायऱ्यांवर आपटल्या मी. धुणं धुवाले बाई चालते, अन् बापाले पाणी द्यायले नाई चालत?"

"रीत आहे ते."

"घाट म्हणजे उतरायची जागा. तुमच्याच भावानं सांगितलं मले. कोणी उतरायचं अन् कोणी नाई, हे त्या शब्दात कुठंच नाई. ते तुम्ही लोकांनी मागून चिकटवलं."

चुलतभाऊ मोबाईलमध्ये डोकं घालून बसला. मी उतरले. रडत होते, खोटं कशाला सांगू, पण उतरले. पाचवी पायरी हलते, सातवी उजवीकडून शेवाळलेली आहे. आम्हा बायकांना हे डोळे मिटूनही कळतं.

काकाजींना कुठून माहीत असणार? मला ओढून न्यायला ते तरातरा मागे आले आणि सातवीवर नेमका उजवीकडे पाय टाकला. घसरलेच! मी हातातला तांब्या सोडला आणि त्यांचं मनगट धरलं. तांब्या गडगडत नदीत गेला.

"डाव्या अंगानं या," मी म्हटलं. "उजवीकडे रोज साबणाचं पाणी वाहते."

माझा हात धरून ते एकेक पायरी चाचपत शेवटच्या पायरीपर्यंत आले. दोघंही घोटाभर पाण्यात उभी राहिलो. त्यांनी तोल सांभाळायला माझा खांदा धरला. मी वाकून ओंजळ भरली आणि त्यांच्याकडे पाहिलं. परवानगीसाठी नाही हं. ते नाही म्हणाले असते तरी मी पाणी सोडणारच होते.

काकाजींचे डोळे भरून आले होते.

"दे वं पोरी," ते म्हणाले. "माह्या भावाले तहान लागली असन."