पाणी आलं की कागद खाली ठेव

शालूआत्या गेली तेव्हा मी कुळगावातल्या एका अभ्यासिकेत माइक धरून उभी होते. समोर दहावीच्या मुली. आयोजकांनी विषय दिला होता, 'लहानपणीच्या स्वतःला तुम्ही काय सल्ला द्याल?' असल्या विषयांचा मला राग येतो. मुलींना सल्ला द्यायची सगळ्यांना घाई. आत्मविश्वास ठेवा, मोठी स्वप्नं बघा. त्यांच्या शाळेतल्या संडासाला कडी नाही, त्यावर कोणी बोलत नाही. तरी मी बोलले. 'मी तिला एकच सांगेन, कुणाचं ऐकू नकोस.' टाळ्या पडल्या. खाली उतरून फोन बघितला तर आईचे मिस्ड कॉल ओळीनं. परत लावला. 'शालूआत्या गेली गं... दुपारी पडली जरा, ती उठलीच नाही.'

महिना उलटून गेला, पण त्या टाळ्या अजून कानातून जात नाहीत. कारण मी आज जी काही आहे, ती एका बाईचं ऐकल्यामुळे आहे. पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे तिला आदरांजली वाहायच्या दिवशी पांढऱ्या साडीतल्या बायका एकेक करून तिच्याबद्दल बोलल्या. सभा गाजवणारी मी मात्र गप्प बसले. म्हणून त्या मुलींना द्यायचं खरं उत्तर आता लिहिते आहे.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. मांजर्लीतलं आमचं घर तळमजल्यावर. एका पावसाळ्यात नदी घरात शिरली, गाद्या, पुस्तकं, सगळ्याचा चिखल झाला. घर सुकेपर्यंत म्हणून मला अंबरनाथ पूर्वेला आत्याच्या चाळीत ठेवलं, आणि मी कॉलेज संपेपर्यंत तिथेच राहिले. आत्याचे यजमान, आमचे मामा, कधीच वारले होते. घरात आत्या आणि तिची मुलगी माधुरी, माझ्याहून चार वर्षांनी धाकटी. आत्या उल्हासनगरला जीन्सच्या कारखान्यात धागे कापायची. बोटांची टोकं कायम निळी. भाकरीवर चुकून डाग दिसला की माधुरी म्हणायची, 'आज जीन्सची भाकरी आहे, आपटून धुवून खा.'

त्या चाळीत पाणी यायचं सकाळी अकराला. तासभर, कधी तेवढंही नाही. अकराला कारखान्यातली बाई घरी कशी असणार? मग घराघरातून एक मुलगी मागे राहायची. आमच्या घरातून माधुरी. शाळेच्या हजेरीपटावर ती गैरहजर आणि नळावरच्या रांगेत रोज हजर. वर्गशिक्षिकेनं सांगून ठेवलं होतं, असंच चाललं तर दहावीला बसता येणार नाही. हे ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. कॉलेजातल्या चळवळीच्या ग्रुपमध्ये पत्रकं लिहायला शिकले होते. मी लिहिलं, 'हे पाणीवाटप नव्हे, ही मुलींच्या शिक्षणाची राजरोस हत्या आहे.' गठ्ठा घेतला आणि चाळीत निघाले. सकाळी अकराला. म्हटलं, या वेळी सगळ्यांची दारं उघडी असतात.

दारं उघडी होती. त्या दिवशी कामाला न गेलेल्या बाया पाइप ओढत होत्या, मुली हंडे उचलत होत्या, आणि मी मधल्या बोळात उभी राहून पाण्याच्या प्रश्नावर भाषण देत होते. शेजारच्या लताकाकूंनी माझ्या हातातून पत्रक घेतलं आणि गळणाऱ्या नळाच्या जोडाला गुंडाळलं. 'हां, आता बोल,' म्हणाल्या. त्या दिवशी आत्याला ताप होता, ती घरीच होती. दारात बसून पोट धरून हसत होती.

'आल्या पुढारीणबाई. पाण्याच्या टायमाला पाण्यावर भाषण?'

'मग कधी बोलू? नंतर कोणी भेटत नाही.'

'पाणी आलं की कागद खाली ठेव. पयला हंडा धर. धरलास की बाई आपणच बोलते.'

चिडूनच हंडा धरला. पहिल्या दोन घरांत माझ्याकडे कोणी बघितलंसुद्धा नाही. तिसऱ्या घरात लताकाकूंनी पिंप भरता भरता सांगितलं की त्यांच्या मुलीनं याच नळापायी आठवीत शाळा सोडली. माझ्या पत्रकात ते नव्हतं...

आत्याचे सगळेच सल्ले शहाणे होते, असं मुळीच नाही. मुलीच्या जातीनं आवाज खाली ठेवावा, बँकेची परीक्षा द्यावी, मोर्चात गेलं की लग्न जमत नाही, हेही तीच सांगायची. मी भांडायचे. ती म्हणायची, 'भांड, पण जेवून भांड.'

पाण्याची वेळ बदला म्हणून आम्ही नगरपालिकेवर मोर्चा ठरवला. नळावर सगळ्या हो म्हणाल्या. त्या दिवशी आलं कोण? मी आणि कॉलेजातल्या दोन मैत्रिणी. शिपायानं विचारलं, 'मोर्चा मागून येतोय का?' घरी येऊन मी उरलेली पत्रकं मोरीत फेकली. 'यांनाच नको असेल तर मी कशाला मरू? बंद. मी मांजर्लीला जाते.' मला तेव्हा खरंच सगळं सोडायचं होतं. लोकांचा राग आला होता, आणि तो राग एकदा मुरला की माणूस कायमचा घरी बसतो, हे मी पुढे कितीतरी जणांच्या बाबतीत पाहिलंय.

आत्यानं समजूत घातली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं कारखान्यात फोन लावला. पलीकडून सेठ ओरडत होता, मला ऐकू येत होतं, 'दीदी, अर्जंट माल है.' ती म्हणाली, 'सेठ, मेरे घर का पानी भी अर्जंट है.' मग डबा भरून मला म्हणाली, 'चल.'

'तुला तर हे पटत नाही ना?'

'नाहीच पटत. काही होणार नाही तिथं. पण तू एकटी दिसलीस, ते बरं नाही दिसलं.'

तिला चप्पल घालताना बघून लताकाकू निघाल्या, मग त्यांच्या शेजारच्या. प्रत्येकीचा रोज बुडणार होता. पालिकेत नेहमीचं उत्तर मिळालं, साहेब मीटिंगमध्ये आहेत. आत्या म्हणाली, 'असू दे. तोवर जेवून घेतो.' आणि साहेबांच्या दाराबाहेर फरशीवर सगळ्यांचे डबे उघडले. सुकटीची चटणी, कांदा, भाकरी. तो वास पंख्यानं आत नेला. साहेब नाकाला रुमाल लावून बाहेर आले तेव्हा, मुलीच्या जातीनं आवाज खाली ठेवावा म्हणणारी माझी आत्या, अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात बोलली, 'साहेब, माझी पोरगी हुशार आहे. तिला नळावर बसवू नका.' माझ्या एकाही पत्रकात इतकं सरळ वाक्य नव्हतं.

आणखी खेटे पडले, पण आमच्या बोळाचं पाणी संध्याकाळी यायला लागलं. माधुरी दहावीला बसली. आज ती उल्हासनगरला एका लॅबमध्ये रक्त तपासते. मीही या कामात टिकले.

तेव्हा मुलींनो, सोळाव्या वर्षीच्या मला मी काय सांगेन? वेगळं काही नाही. घरात एक बाई असेल, जिला तुझं म्हणणं पटत नाही आणि तरीही जी तुझ्या शेजारी येऊन उभी राहते. तिचं ऐक. तिच्याशी भांड, जेवून भांड, पण ऐक.

काल हे लिहून झालं तसं चाळीत गेले. माधुरी कामावरून आली होती. आत्याचा लाल प्लास्टिकचा स्टूल पिंपाशेजारी तसाच आहे, त्याच्यावर कोणी बसत नाही. मी उंबऱ्यात बसले आणि तिला वाचून दाखवू लागले. सुकटीपर्यंत पोचले तेव्हा ती हसत होती, डोळे पुसत होती... तेवढ्यात नळानं हवा सोडली, घशात काही अडकल्यासारखी. बोळात दारं वाजली. माधुरीनं माझ्याकडे बघितलं.

मी कागद स्टुलावर ठेवला आणि पाइप धरला.