कापसाच्या ढगांतलं विमान

लालबागमधल्या आमच्या चाळीच्या गणपतीपुढे दरवर्षी चलचित्राचा देखावा असतो, आणि गेली वीस-बावीस वर्षं त्याची संहिता मी लिहितो. हे सांगताना माझी छाती थोडी फुगते, ती फुगू द्या. नोकरीत आयुष्यभर मी दुसऱ्यांनी लिहिलेल्या कागदांवर शिक्के मारले. माझं म्हणून लोक रांग लावून ऐकतात ते एवढंच. पुतळे हलतात, दिवे बदलतात आणि मागून रेकॉर्ड केलेला आवाज बोलतो. आवाज माझ्या शेजाऱ्याचा. तो बसचा कंडक्टर होता, आणि त्याचा आवाज असा की नुसतं 'पुढे सरका' म्हणाला तरी वाटावं, सीमेवरून बोलावणं आलंय.

एका वर्षी लष्कराचं मालवाहू विमान समुद्रावर नाहीसं झालं. थोडे अवशेष मिळाले, माणसं मिळाली नाहीत. आठवड्याभरात अफवांना ऊत आला. विमान पाडलं, विमान पळवलं, आतल्याच कोणीतरी विकलं. आमच्या चाळीत ज्यांना पतंग धड उडवता येत नाही ते रडारवर बोलायला लागले. मला संताप आला, आणि संताप आला की मी लिहितो. त्या वर्षीचा विषय मी ठरवला, अफवा.

पहिल्या भागात कापसाच्या ढगांतून तारेवरचं विमान जायचं. ढग हलावेत म्हणून मागे एक जुना पंखा ठेवला होता. मग अंधारात पाठमोरा उभा असलेला जवान बोलायचा : "मी माझं नाव सांगू शकत नाही. अंगावर वर्दी आहे, घरी मुलं आहेत. पण विमान पडलं नाही. ते उतरवलं गेलं. आतली माणसं जिवंत आहेत, मी त्यांना पाहिलंय. फार हाल आहेत त्यांचे." एवढं झालं की जवान गर्रकन वळायचा. त्याला तोंडच नव्हतं, तोंडाच्या जागी मोबाइल. दिवे लागायचे आणि तोच आवाज विचारायचा, "ह्याला ओळखता तुम्ही? ह्याला तुम्हीच जन्म दिलात. न वाचता पुढे पाठवलंत, त्यातून हा झाला."

वळण झकास होतं, फक्त ते बघायला कोणी थांबलं नाही. म्हणजे थांबू दिलं नाही. गर्दी वाढली की आमचे कार्यकर्ते शिट्ट्या मारत रांग पुढे ढकलतात. पाठमोरा जवान हाल सांगत असतानाच निम्मी माणसं प्रसाद घेऊन बाहेर. मी सेक्रेटरीशी भांडलो, अरे शेवट तरी बघू द्या. तो म्हणाला, "काका, लाइन मेन रोडवर गेलीये. तुमचा शेवट पुढच्या वर्षी दाखवू." मी दोन दिवस त्याच्याशी बोललो नाही. मग विसर्जन झालं, ढगांचा कापूस पोत्यात गेला आणि मी सगळं विसरलो.

निवृत्त झाल्यावर मी दादरच्या एका वाचनालयात पेपर वाचायला जाऊ लागलो. घरी पेपर येतो, पण घरी बायकोही असते आणि दुपारी तिला मी नको असतो. तिथे माझ्यासमोर एक गृहस्थ बसायचे, पंचाहत्तरीच्या पुढचे, इस्त्रीचा शर्ट, जवळ जाडजूड फाइल. बातम्या वहीत उतरवून घ्यायचे. महिनाभर आम्ही नुसती मान हलवत होतो. एकदा मी सहज विचारलं, काका, पुस्तक लिहिताय की काय? ते म्हणाले, "नाही हो. माझा मुलगा त्या विमानात होता. समुद्रावर गेलं ना, त्या."

मी पेपर मिटून बाजूला ठेवला. ते बोलत राहिले. मुलगा गेल्याचं सरकारी पत्र त्यांच्याकडे होतं, त्यावर त्यांचा विश्वास नव्हता. दर महिन्याला ते कुठे ना कुठे अर्ज पाठवायचे. "मी उगाच म्हणत नाही," ते म्हणाले, "माझ्याकडे साक्ष आहे." वाचनालयात आवाज नको म्हणून त्यांनी मला जिन्यावर नेलं आणि फोन माझ्या कानाशी धरला.

"मी माझं नाव सांगू शकत नाही," माझा शेजारी म्हणाला. "अंगावर वर्दी आहे, घरी मुलं आहेत."

खरं सांगतो, पहिल्या क्षणी मला अपराधी वगैरे काही वाटलं नाही. वाक्य बरं जमलंय, असं वाटलं. माणूस किती हलकट असू शकतो हे मला त्या जिन्यावर कळलं. मग लक्षात आलं. रांगेतल्या कोणीतरी फोनवर रेकॉर्ड केलं असणार, कार्यकर्त्याने पुढे ढकलल्यावर बंद केलं असणार, आणि तेवढंच फिरत फिरत 'एका जवानाची गुप्त कबुली' म्हणून ह्यांच्यापर्यंत पोचलं असणार. क्लिप 'फार हाल आहेत त्यांचे' वर संपली. "मागे घरघर ऐकलीत?" काका म्हणाले. "एका जाणकाराने सांगितलंय, हेलिकॉप्टर आहे. म्हणजे तळावरूनच बोलतोय तो."

तो आमचा पंखा होता. मी म्हटलं, हो, घरघर आहे खरी. आणि पळालो.

शेजाऱ्याला सांगितलं तर तो आधी हसला, मग त्याचा चेहरा उतरला. मालवणीवर आला म्हणजे तो घाबरलेला असतो. "गप ऱ्हव," तो म्हणाला. "तू तेका सांगलंस तर तो जगतलो कशार? मुलगो जिवंत आसा म्हणान बसलोहा, बसांदे." मला ते पटलं. भित्र्या माणसाला असली शहाणपणं लगेच पटतात. मी वाचनालय बदलण्याचा विचार केला. दोन आठवडे दादरकडे फिरकलो नाही. जेवताना तो जिना आठवायचा आणि घास फिरायचा. शेवटी बायकोने विचारलं, काय गिळलंय तुम्ही? मी सगळं सांगितलं. तिने ताट पुढे सरकवलं आणि म्हणाली, "तुम्ही लिहिलंत ना? मग पुसायलाही तुम्हीच जा."

मंडळाच्या कपाटात जुनं रेकॉर्डिंग होतं, अख्खं, शेवटासकट. ते फोनवर घेतलं, संहितेची वही पिशवीत टाकली आणि वाचनालयात काकांना गाठून त्यांच्यासोबत त्यांच्या घरी गेलो. वाटेत ते म्हणाले, "बरेच दिवस दिसला नाहीत, आजारी होतात का?" मी हो म्हटलं. काकूंनी चहा ठेवला. मी कपाला हात लावला नाही. वही उघडून काकांच्या पुढे ठेवली, माझ्या अक्षरातलं ते पान, आणि रेकॉर्डिंग लावलं.

जवान बोलला, जवान वळला, पुढचं सगळं झालं. शेवटी आमच्या चाळीचा मोरया. काका वहीकडे बघत होते. म्हणाले, "परत लावा." परत लावलं. या खेपेला त्यांनी बोट वहीतल्या एका ओळीवर ठेवलं.

"फार हाल आहेत त्यांचे. हे कशावरून लिहिलंत?"

"कशावरूनच नाही काका. ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यावा म्हणून."

"कोणी सांगितलं नव्हतं तुम्हाला? कुठला जवान, कोणी अधिकारी?"

"कोणी नाही. आवाज माझ्या शेजाऱ्याचा आहे. कंडक्टर होता तो."

आता ओरडतील, आता हाकलतील, म्हणून मी पिशवी हातात घेऊन बसलो होतो. मी तेच भोगायला गेलो होतो. त्यांनी चष्मा काढला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मला वाटलं रडतायत. हात काढले तेव्हा डोळे ओले होते, पण कपाळावरची आठी, जी मी पहिल्या दिवसापासून पाहत होतो, ती तिथे नव्हती.

"अगं," त्यांनी आत हाक मारली. "अगं, बाहेर ये. त्याला कोणी मारत नाहीये."

काकू पदराला हात पुसत दारात आल्या.

"कोणी डांबून ठेवलेलं नाही त्याला. हाल नाहीत, काही नाही. ह्यांनी मनाने लिहिलंय ते. तो त्याच दिवशी गेला."

काकू खुर्चीचा हात धरून खाली बसल्या. माझ्याकडे बघून हळू आवाजात म्हणाल्या, "किती वर्षं झाली, हे गादीवर झोपत नाहीत. म्हणतात, तो कुठे झोपत असेल."

मी शेजाऱ्याचं ऐकून गप्प राहिलो होतो, कारण आम्हा दोघांना वाटलं होतं की त्या क्लिपमुळे म्हातारा आशेवर जगतोय. तिच्यात त्यांना फक्त ते हाल ऐकू येत होते. मी माफी मागितली, नीट, हात जोडून. ती त्यांनी ऐकली की नाही कोण जाणे. "रोज मारत होते हो त्याला," ते म्हणाले. "रोज. रात्री डोळा लागला की." मला इतकं हायसं वाटलं की आधी त्याचीच लाज वाटली, मग तीही गेली. गार झालेला चहा मी एका घोटात प्यालो.

काकांनी भिंतीवरचं कॅलेंडर उतरवून मांडीवर घेतलं. त्याचं श्राद्ध त्यांनी एकदाही घातलं नव्हतं, जिवंत माणसाचं घालत नाहीत म्हणून. काकूंना विचारून विचारून त्यांनी तिथी काढली आणि पेनाने तिच्याभोवती गोल केला.

"पितृपक्षात जेवायला या," मला दारापर्यंत सोडताना ते म्हणाले. "आणि त्या कंडक्टरलाही आणा. इतकी वर्षं त्याचा आवाज ऐकतोय, एकदा तोंड तरी बघू दे."